मातीला वाली कोण?

पावसाळा सुरू झाला की नर्सरीत गर्दी होते. मोगरा, कढीपत्ता, जास्वंद अशी दोन-चार रोपं आपण निवडतो आणि निघता निघता लाल मातीची एक गोणीही गाडीत टाकतो. रोपाला ऊन किती लागेल, पाणी कधी घालायचं, हे नर्सरीवाल्याला दहादा विचारतो. माती कुठून आणली, हे मात्र विचारत नाही. ती कुठल्या तरी डोंगरउतारावरची किंवा कुणाच्या तरी शेतातली वरची माती असते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, सांगते की दोन-तीन सेंटिमीटर मातीचा थर तयार व्हायला हजार वर्षंही लागू शकतात. हजार वर्षांपूर्वी संत ज्ञानेश्वरांचाही जन्म व्हायचा होता. तेव्हापासून जमत आलेली माती आपण गोणीत भरून घरी आणतो आणि रोप सुकलं की कुंडीसकट कचऱ्यात टाकून देतो.

एवढी मोलाची गोष्ट आहे, तर तिच्यासाठी कायदा असेलच, असं वाटतं ना? चला, शोधून पाहू.

नाव कुठेच नाही

हवेसाठी आपल्याकडे १९८१ चा कायदा आहे, पाण्यासाठी १९७४ चा. वन्यप्राण्यांसाठी १९७२ चा, जंगलांसाठी १९८० चा, जैवविविधतेसाठी २००२ चा. मातीच्या नावाचा, देशभर लागू होणारा असा स्वतंत्र कायदा मात्र नाही. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यातल्या ‘पर्यावरण’ या शब्दाच्या व्याख्येत पाणी, हवा आणि जमीन आहे. जमीन आणि माती एकच की, असं तुम्ही म्हणाल. व्यवहारात तसं नसतं. जमिनीला सातबारा असतो, मालक असतो, भाव असतो. तिच्यावरची वीतभर माती कुणी खरवडून नेली तरी सातबाऱ्यावरचं क्षेत्र तेवढंच राहतं.

संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत. त्यात वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण करावं असं नाव घेऊन सांगितलंय. माती त्या ओळीतही नाही. शिवाय शेती आणि जमीन हे दोन्ही विषय राज्यांच्या यादीत येतात, त्यामुळे केंद्राने एकच कायदा करून मोकळं व्हावं, इतकं हे सोपंही नाही.

मग कायद्याच्या पुस्तकात माती सापडते तरी कुठे? खनिजांच्या यादीत! १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात ‘गौण खनिज’ नावाचा एक गट आहे. वाळू, मुरूम, दगड अशा गोष्टी त्यात मोडतात. ३ फेब्रुवारी २००० रोजी केंद्राने अधिसूचना काढून साध्या मातीलाही या गटात घेतलं. पण कोणती माती? बंधारे, रस्ते, रेल्वे आणि इमारती बांधताना भराव घालायला किंवा जमीन सपाट करायला वापरलेली. म्हणजे माती खनिज आहे की नाही, हे ती कशी आहे यावर नाही, तर तिचं पुढे काय केलं यावर ठरतं. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांनी हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला. इमारतीच्या पायासाठी खणलेल्या मातीवर रॉयल्टी आणि दंड का भरायचा, हा त्यांचा प्रश्न होता. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्या मातीचा वापर कशासाठी झाला, हे आधी तपासा.

न्यायालयाचा निकाल त्याच्या जागी योग्यच आहे. पण सगळा वाद वाचताना एक गोष्ट खटकते. त्यात गांडूळ नाही, बुरशी नाही, पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय अंश नाही. ब्रासचा हिशेब आहे. मूठभर मातीत असंख्य जीव नांदत असतात, आणि कायदा मात्र विचारतो, किती ट्रक?

सव्वाशे वर्षांचा पहारेकरी

असं असलं तरी मातीसाठी कुणी कायदा केलाच नाही, असं नाही. एक फार जुना आहे आणि दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या आपल्या वाचकांनी तो जरूर समजून घ्यावा.

पंजाबातल्या होशियारपूर भागात शिवालिकच्या टेकड्यांवरून पावसाळ्यात धो धो ओढे उतरतात. त्यांना तिथे ‘चो’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात टेकड्यांवरची झाडं तुटली, चराई वाढली आणि या चोंनी माती आणि वाळू खाली आणून पिकती शेतं गाडायला सुरुवात केली. म्हणून इंग्रज सरकारने १९०० मध्ये पंजाब भूसंरक्षण कायदा केला. ठरावीक क्षेत्र अधिसूचित करायचं आणि तिथे झाडं तोडणं, जमीन नव्याने मोडणं, दगड काढणं, गुरं चारणं यावर बंधन घालायचं, अशी ती साधी रचना.

आता गंमत पाहा. पुढे हरियाणा वेगळं राज्य झालं आणि हा कायदा त्याच्याकडेही राहिला. गुरुग्राम-फरिदाबादच्या बाजूने जाणाऱ्या अरवली डोंगराचे बरेच पट्टे त्याखाली अधिसूचित होते. जमिनीचे भाव आकाशाला भिडले तेव्हा बिल्डरच्या वाटेत उभा राहिला तो हाच, माती वाहून जाऊ नये म्हणून केलेला कायदा. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबादमधल्या कांत एन्क्लेव्ह वसाहतीतली बांधकामं पाडायला सांगितली. अधिसूचित जमिनीवर ती उभी होती. आयुष्याची कमाई घालून तिथे घर बांधलेल्या कुटुंबांचं काय झालं असेल, याचा विचार करा. फेब्रुवारी २०१९ मध्ये हरियाणा विधानसभेने कायदा सैल करणारी दुरुस्ती मंजूर केली, पण न्यायालयाने त्यावर पाऊल उचलायला मनाई केली. जुलै २०२२ मध्ये तर, या कायद्याच्या कलम ४ खालच्या विशेष आदेशात आलेली जमीन वनजमीनच मानली जाईल, असा निकाल आला.

दिल्लीच्या लाखो लोकांना धुळीपासून थोडाफार आडोसा देणारी ती टेकडी आज जिथे कुठे शिल्लक आहे, तिथे या कायद्याचा मोठा वाटा आहे. कागदावर सव्वाशे वर्षं जुना, पण मातीचं भलं नेमकं कशात आहे हे त्याला कळत होतं. मातीला जागेवर धरून ठेवायचं असेल तर तिच्यावरचं झाड आणि गवत राखावं लागतं.

आपल्याकडे मुंबई प्रांतानेही १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. दुष्काळी भागातली बांधबंदिस्ती त्यातून पुढे गेली. शेताच्या बांधाला आपल्याकडे भावाभावांच्या भांडणाचं कारण म्हणूनच जास्त ओळखतात. खरं तर तो माती अडवण्यासाठी असतो. बांध नसला की काळी माती पावसाबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाऊन बसते. तीच माती परत शेतात न्यावी म्हणून महाराष्ट्राने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. धरणाची जागा मोकळी होते आणि शेतकऱ्याला सुपीक गाळ मिळतो. चांगली योजना आहे, पण वाहून गेलेलं परत आणण्यापेक्षा जाऊ न देणं स्वस्त पडतं, हे कोणीही सांगेल.

विटा, रस्ते आणि एक सवलत

तुमच्या घराची भिंत कशाची आहे? लाल विटांची असेल तर त्यातली प्रत्येक वीट साधारण तीन किलोची आहे आणि ती माती बहुतेकदा शेताच्या वरच्या थरातून काढलेली आहे. वीटभट्टीला तोच चिकण थर लागतो. पैशाची नड असलेला शेतकरी तो विकतो आणि मग पुढची कित्येक वर्षं त्या शेतात पीक धड येत नाही.

यावर केंद्राने १९९९ मध्ये एक हुशार नियम केला. औष्णिक वीज केंद्रांतून कोळशाच्या राखेचे डोंगर तयार होत होते. नियमाने सांगितलं, अशा केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा बनवायच्या तर त्यात किमान २५ टक्के राख मिसळा. हे अंतर पुढे १०० आणि मग ३०० किलोमीटरपर्यंत वाढलं. वरची माती वाचवणं हा हेतू या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेला आहे, आणि असं लिहिलेलं फार कमी ठिकाणी सापडतं. नागपूरजवळचं कोराडी असो की नाशिकचं एकलहरे, वीज केंद्राच्या परिसरात राखेच्या विटा मिळतात. घर बांधायला काढलं असेल तर कंत्राटदाराला त्यांच्याबद्दल विचारायला काहीच हरकत नाही.

रस्त्यांची गोष्ट मात्र उलटी झाली. महामार्गाच्या भरावाला प्रचंड माती लागते. २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागून तीन दिवस झाले असताना, पर्यावरण मंत्रालयाने रस्ते, पाइपलाइन यांसारख्या ‘रेषीय प्रकल्पां’साठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीची गरज नाही, अशी सूट दिली. लोकांच्या हरकती मागवल्या नाहीत. किती माती, कुठून, याची मर्यादा नव्हती. एका नागरिकाने याला आव्हान दिलं आणि २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सूट मनमानी ठरवून रद्द केली. त्यानंतर २०२५ मध्ये मंत्रालयाने काही मर्यादा घालून ती नव्या रूपात आणली. रस्ते नकोत असं कुणीच म्हणत नाही. पण चार वर्षं देशभर कुठूनही, कितीही माती उचलायला परवानगीची गरज नव्हती आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. हवेच्या किंवा पाण्याच्या बाबतीत असं झालं असतं तर टीव्हीवर चर्चा रंगल्या असत्या.

इतर देशांनी काय केलं?

अमेरिकेला मातीची किंमत कळायला आकाश काळं व्हावं लागलं. तिथल्या मध्य भागातली गवताळ जमीन नांगरून गहू पेरला गेला. मग १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ चं वादळ इतकं भयानक होतं की त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणतात. मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये खासदारांसमोर मातीची कैफियत मांडत होते. धुळीचा लोट राजधानीकडे सरकतोय हे त्यांना माहीत होतं आणि तो येईपर्यंत ते बोलणं लांबवत राहिले, असं सांगतात. खिडकीबाहेर अंधारलं, तसं सगळ्यांना पटलं! त्याच एप्रिलच्या २७ तारखेला मृदसंधारण कायदा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या यंत्रणेने शेतकऱ्याला दंड ठोकण्यापेक्षा त्याच्या शेतावर जाऊन उताराला आडवी नांगरट आणि पट्टा पेरणी शिकवण्यावर भर दिला.

चीनची अडचण वेगळी होती. तिथे मातीत कॅडमियमसारखे जड धातू मिसळले. २०१३ मध्ये हुनान प्रांतातल्या तांदळात कॅडमियम सापडल्यावर लोक हादरले. मातीच्या पाहणीचे आकडे सरकारने आधी ‘राष्ट्रीय गुपित’ म्हणून दडवले होते. ते २०१४ मध्ये बाहेर आले. शेतजमिनीच्या १९.४ टक्के नमुन्यांत प्रदूषण मर्यादेपेक्षा जास्त होतं. १ जानेवारी २०१९ पासून तिथे मृदाप्रदूषणाचा स्वतंत्र कायदा लागू झाला. जुन्या कारखान्याच्या जागेवर घरं किंवा शाळा बांधायची असेल तर आधी मातीची तपासणी बंधनकारक आहे.

युरोपची गोष्ट आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. २००६ मध्ये मातीसाठी एक सामायिक कायदा मांडला गेला. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन अशा बड्या देशांनी तो अडवून धरला. हवा आणि पाणी सीमा ओलांडतात, माती जागची हलत नाही, मग तिच्यासाठी सगळ्यांचा मिळून कायदा कशाला, असा एक युक्तिवाद होता. आठ वर्षं ताटकळून २०१४ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. युरोपातली ६० ते ७० टक्के माती आजारी आहे असे अंदाज समोर आल्यावर विषय पुन्हा निघाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय संसदेने मृदा देखरेख कायदा मंजूर केला. त्यात सक्ती आहे ती मोजमापाची. २०५० पर्यंत सगळी माती निरोगी करायचं ध्येय लिहिलंय, पण शेतकऱ्यावर किंवा जमीनमालकावर थेट बंधन नाही. कुणाला हे मिळमिळीत वाटेल. मला वाटतं, मोजायला लागणं हीसुद्धा मोठी पायरी आहे. मोजलेलं लपवता येत नाही.

दिलेला शब्द

आंतरराष्ट्रीय पातळीवर मातीच्या सर्वांत जवळ जाणारा करार म्हणजे वाळवंटीकरणाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार. १९९२ च्या रिओ परिषदेतून तीन करार पुढे आले. हवामानबदलाचा आणि जैवविविधतेचा बातम्यांत असतो, हा तिसरा भाऊ मात्र कायम मागच्या बाकावर. १७ जून १९९४ रोजी पॅरिसमध्ये तो स्वीकारला गेला. भारताने डिसेंबर १९९६ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याचा मुख्य भर कोरडवाहू प्रदेशांवर आहे, म्हणजे चेरापुंजीच्या किंवा कोकणाच्या उतारावरून वाहून जाणारी माती त्यात जेमतेमच बसते.

सप्टेंबर २०१९ मध्ये या कराराची परिषद आपल्याकडेच, ग्रेटर नोएडात भरली. तिथे भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर खराब जमीन पुन्हा सावरण्याचा शब्द दिला. इस्रोच्या नकाशांनुसार २०१८-१९ मध्ये देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे जवळपास ३० टक्के जमीन खालावलेली होती. २००३-०५ मध्ये हाच आकडा साडेनऊ कोटींच्या आत होता. शब्द दिला ते चांगलंच, पण तो पाळला नाही तर जाब विचारणारं त्या करारात कुणी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधच्या परिषदेत दुष्काळाबाबत जागतिक करार व्हावा यासाठी खटपट झाली, तीही तिथे फळाला आली नाही. मराठवाड्यात नातेवाईक असलेल्या कुणालाही विचारा, दुष्काळ आणि माती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

विषारी रसायनांविरुद्धच्या स्टॉकहोम कराराचा अनुभव बरा आहे. मातीत वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या रसायनांची यादी तो करतो आणि ती बंद करायला लावतो. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर फवारलेल्या एंडोसल्फानचं नाव २०११ मध्ये त्या यादीत गेलं. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बंदी घातली.

तुमच्या हातात काय?

तुमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट होणार असेल तर एक कागद मागा. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्रात, खणताना निघालेली वरची माती वेगळी साठवून त्याच आवारातल्या बागेसाठी वापरावी, अशी अट सहसा असते. बिल्डरने ती माती डंपरमधून बाहेर पाठवली आणि तुमच्या बागेसाठी नंतर विकत आणली, तर ती अट मोडली. मंजुरीचं पत्र केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर पाहता येतं.

जुन्या कारखान्याच्या किंवा गोदामाच्या जागेवर फ्लॅट घेताय? कोडाईकनालचा पाऱ्याचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. तिथली माती किती स्वच्छ करायची यावर वर्षानुवर्षं वाद चालला, कारण मातीतल्या पाऱ्यासाठी आपल्याकडे मानकच नव्हतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी पहिल्यांदाच नियम आणले. संशयित जागांची यादी, तपासणी आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल, असा तो क्रम आहे. चीनसारखी घर बांधण्याआधीची सक्ती इथे नाही, त्यामुळे आधी तिथे काय होतं आणि मातीची तपासणी झाली का, हे खरेदीआधी आपणच विचारावं लागेल.

आणि गावाकडे रात्री जेसीबी लावून टेकडी पोखरताना दिसली तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार विनापरवाना माती-मुरूम काढला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होतं. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यामुळे गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. तक्रार तहसीलदाराकडे लेखी करायची. गट नंबर, तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. माती नेणाऱ्या गाडीसोबत वाहतूक पास असावा लागतो, तो होता का, हे चौकशीत तपासावं असंही अर्जात लिहा. पर्यावरणाचं मोठं नुकसान असेल आणि कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. फक्त तिथे मुदत पाळावी लागते. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज गेला पाहिजे, म्हणून तहसीलदाराच्या पोचपावतीवरची तारीख नीट जपून ठेवा.